पहिली सहा षटके : एका वहीतले गणित

मागच्या एका उन्हाळ्यात संगमनेर तालुक्यात गणित-शिक्षकांच्या एका शिबिरात ‘संभाव्यता वर्गात कशी शिकवावी’ या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान झाले, चहा झाला, आणि एक शिक्षक शंभर पानी वही घेऊन आमच्यापाशी येऊन बसले. वही त्यांच्या बारावीतल्या एका विद्यार्थ्याची होती. आय.पी.एल.चे सामने चालू होते आणि मुलाने त्यांतील ३१ डावांची नोंद मोठ्या निगुतीने ठेवली होती. तारीख, मैदान, नाणेफेक कोणी जिंकली, फलंदाजी कोणाची, पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील म्हणून बुकीने सांगितलेला आकडा, प्रत्यक्षात झालेल्या धावा, आणि शेवटच्या रकान्यात बरोबर किंवा चूक अशी खूण. खाली लाल शाईने एक नियम लिहिलेला आणि त्यापुढे : ३१ पैकी २० बरोबर.

मुलगा एवढ्यावर थांबला नव्हता. मित्राच्या मोबाइलवरून तो पैसे लावू लागला होता आणि ते पैसे घरच्या कांद्याच्या पट्टीतले होते. शिक्षक म्हणाले, “सर, जुगार वाईट असतो हे सांगून झालं. तो म्हणतो, हा जुगार नाही, हा अभ्यास आहे. त्याचं गणित कुठं चुकलंय ते दाखवून द्या, म्हणजे मला त्याच्याशी बोलता येईल.”

मागणी रास्त होती. पण वही चाळताना चूक काही चटकन सापडेना. बेरजा बरोबर होत्या. ३१ पैकी २० म्हणजे सुमारे ६४.५ टक्के, हेही बरोबर. आकडे कोठे खोटे लिहिलेले दिसत नव्हते. वहीच्या पानांची नक्कल करून आम्ही घरी आणली आणि नंतर सवडीने तपासली. पुढे जे लिहिले आहे ते त्या तपासणीतून आलेले आहे.

आरंभच का?

वीस षटकांच्या सामन्यात पहिल्या सहा षटकांना ‘पॉवरप्ले’ म्हणतात. या काळात ३० यार्डांच्या (सुमारे २७.४ मीटर) वर्तुळाबाहेर फक्त दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. साहजिकच फलंदाज उचलून मारतात, आणि बादही होतात. सट्टेबाजांच्या भाषेत या सहा षटकांच्या पैजेला ‘सेशन’ म्हणतात. संपूर्ण सामना कोण जिंकेल यापेक्षा ‘सेशन’मध्ये किती धावा होतील यावर पैसे लावणे पुष्कळांना सोपे वाटते.

याला कारणे आहेत. निकाल अर्ध्या तासात लागतो. जिंकले तर तेच पैसे पुढे लावता येतात, हरले तर भरपाई करायला उरलेला सामना पडलेलाच असतो. दुसरे कारण अधिक फसवे आहे. सामना सुरू होताना आपल्याला बरेच काही ठाऊक आहे असे वाटते. सलामीला कोण येणार, नवा चेंडू कोणाच्या हाती असणार, खेळपट्टी कोरडी की हिरवी, हे सारे माहीत असते. पुढे सामना कसा वळेल ते कोणी सांगावे, पण आरंभाचे चित्र तर समोर उभे आहे!

अमेरिकेत हाच मोह बेसबॉलच्या पहिल्या डावाचा आहे. बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. नऊ फलंदाज ठरलेल्या क्रमाने येतात, आणि एका डावात क्रम जिथे थांबला तिथूनच पुढच्या डावात चालू होतो. म्हणजे प्रशिक्षकाने विचारपूर्वक लावलेला क्रम अगदी पहिल्यापासून मिळण्याची खात्री फक्त पहिल्या डावात असते. उत्तम फलंदाज वर असतात, त्यामुळे पहिल्या डावात सरासरी धावा जास्त होतात. दुसऱ्या डावात पुष्कळदा खालच्या फळीची पाळी येते आणि सरासरी घसरते. जॉर्ज लिंडसे या कॅनडातील संरक्षण-संशोधकाने १९६१ मध्ये डावागणिक धावसंख्या कशी वाढत जाते यावर एक शोधनिबंध लिहिला, त्यात हा फरक आकड्यांनिशी मांडला आहे. त्यांनी १९६३ मध्ये आणखी एक निबंध लिहिला. त्याला लागणाऱ्या नोंदी जमवताना त्यांच्या वडिलांनी रेडिओवर सामने ऐकून टिपणे केली होती. संगणक आणि माहितीसाठे हाताशी नसताना, म्हाताऱ्या वडिलांनी रेडिओला कान लावून मुलाच्या संशोधनाला हातभार लावावा, हे आम्हांला फार हृद्य वाटते.

असो. पहिला डाव वेगळा का, याचे कारण इतके स्वच्छ ठाऊक आहे. मग पहिल्या डावात धाव होणार की नाही हे सांगता येते का? एका संघाला पहिल्या डावात एकही धाव न मिळण्याची संभाव्यता साधारण १० पैकी ७ च्या आसपास असते. दोन्ही संघ कोरे राहण्याची संभाव्यता काढायची तर गुणाकार करावा : ०.७ × ०.७ = ०.४९. म्हणजे ‘पहिल्या डावात धाव होईल की नाही’ ही पैज नाणे उडवण्याच्या अगदी शेजारी येऊन बसते. फलंदाजांचा क्रम, गोलंदाजाचा हात, मैदानाचा आकार, वारा हे सारे ध्यानात घेतले तर ४९ चे ५४ होतील किंवा ४४ होतील. ९० कधीच होणार नाहीत.

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे वेगळ्या रूपात चांगले ठाऊक आहे. अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला तर जिल्ह्याचा बराच मुलूख पर्जन्यछायेत येतो, याचे कारण सहावीच्या भूगोलातही असते. त्यामुळे नेवाशाला वर्षभरात घाटमाथ्यापेक्षा पाऊस कमी पडणार, हे छातीठोकपणे सांगता येते. पण मृगाच्या पहिल्या आठवड्यात नेवाशाला पाऊस पडेल का? तिथे पर्जन्यछायेचे ज्ञान फारसे कामाला येत नाही. काळ जितका तुटपुंजा, तितका कारणांचा आवाज क्षीण आणि योगायोगाचा मोठा. (एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि कलकत्त्यात पावसावरही पैजा लागत. बंगालमध्ये तर त्याविरुद्ध १८९७ मध्ये खास कायदा करावा लागला होता.)

मडक्यातला सामना

योगायोगाचा आवाज किती मोठा, हे शब्दांनी पटत नाही. म्हणून एक प्रयोग सांगतो. शिक्षकांनी तो वर्गात अवश्य करून पाहावा, खर्च काहीच नाही.

एक मडके घ्या. त्यात सारख्या आकाराच्या शंभर चिठ्ठ्या टाका. ४६ चिठ्ठ्यांवर ०, २८ वर १, ५ वर २, १६ वर ४ आणि ५ वर ६ लिहा. पॉवरप्लेमधल्या चेंडूंवर साधारण असेच घडते असे आपण धरू. वाइड आणि नोबॉल सोडून देऊ, आणि गडी बाद झाला तर तो चेंडू शून्यात धरू. आता एक चिठ्ठी काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, मडके हलवा. असे ३६ वेळा करा. सहा षटके झाली. बेरीज करा.

एका चिठ्ठीची सरासरी किंमत १.३२ येते, तेव्हा ३६ चेंडूंची सरासरी सुमारे ४७.५. हे मुलांना आधी काढायला सांगावे. मग विचारावे की किती जणांच्या बेरजा ४५ ते ५० च्या दरम्यान येतील? बहुतेक मुले ‘बऱ्याच जणांच्या’ असे उत्तर देतात. प्रत्यक्षात २० गट केले तर जेमतेम चार-पाच गटांच्या बेरजा त्या पट्ट्यात येतात. वरच्या वर्गांसाठी : एका चिठ्ठीचे विचलन-वर्ग (प्रसरण) सुमारे ३.१ येते. ३६ चिठ्ठ्यांचे ३६ × ३.१ = १११.६, आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन जवळजवळ १०.६. याचा अर्थ २० गटांतील चौदाएक गट ३७ ते ५८ या एवढ्या मोठ्या पट्ट्यात विखुरलेले सापडतील आणि राहिलेले सहा त्याच्याही बाहेर. एखाद्या गटाचे ‘फलंदाज’ ७० पर्यंत मजल मारतील, दुसऱ्याचे २८ वर अडकतील.

आणि ध्यानात घ्या, मडके तेच आहे, चिठ्ठ्या त्याच आहेत. त्यात कोणी फॉर्मात नाही, कोणी दडपणाखाली नाही, खेळपट्टी नाही, दवही नाही. तरीही २८ धावांचा डाव पाहून एखादा मुलगा ‘आमच्या गटाने काळजीपूर्वक खेळ केला नाही’ असे म्हणतो. आम्ही हे स्वतः ऐकलेले आहे! प्रत्यक्ष सामन्यात संघ आणि मैदाने बदलतात, त्यामुळे पसारा याहून थोडा अधिकच असतो.

मडक्यावर ज्याचा विश्वास बसत नसेल त्याने झहीर खानची दोन षटकमालिका आठवावी. झहीर आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. २०० एकदिवसीय सामने, २८२ बळी, षटकामागे सरासरी सुमारे ४.९ धावा. नव्या चेंडूवर विसंबावे असा गोलंदाज. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला आणि त्याच्या पहिल्याच षटकात, वाइड आणि नोबॉल धरून, १५ धावा निघाल्या. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना होता. या वेळी त्याच्या पहिल्या पाच षटकांत मिळून ६ धावा झाल्या. त्यांत तीन षटके निर्धाव होती आणि एक बळी मिळाला होता.

दोन्ही सामन्यांची कारणे नंतर सर्वांनी सांगितली. पहिल्या वेळी अननुभव आणि आवेश, दुसऱ्या वेळी परिपक्वता. कारणांत तथ्य असेलही. पण २०११ च्या त्याच सामन्यात झहीरच्या नावापुढे अखेरीस १० षटके, ६० धावा अशी नोंद आहे. म्हणजे पहिल्या पाच षटकांत ६ आणि उरलेल्या पाचांत ५४. परिपक्वता दोन तासांत कुठे गेली? अखेरच्या षटकांत फलंदाज जोरात मारतात हे खरे, पण नऊपट फरकातला काही भाग तरी निव्वळ चिठ्ठ्यांचा आहे. षटकामागे ४.९ ही सरासरी २०० सामन्यांची मिळून आहे. एखाद्या दिवशीच्या पहिल्या पाच षटकांनी तिच्याशी जुळते घ्यावे, असे बंधन कोणावरही नाही.

जिल्ह्यातलेच दुसरे उदाहरण संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचे. अजिंक्य रहाणेचा जन्म तिथला. आय.पी.एल.मध्ये शंभर चेंडूंमागे सुमारे १२० धावा अशी त्याची चाल वर्षानुवर्षे होती. शांत, तंत्रशुद्ध, घाई न करणारा फलंदाज म्हणून सगळे त्याला ओळखत. ८ एप्रिल २०२३ रोजी तो वानखेडेवर पहिल्या काही चेंडूंतच खेळायला आला आणि त्याने २७ चेंडूंत ६१ धावा केल्या. आदल्या दिवशी त्याच्याविषयी जी माहिती उपलब्ध होती, ती सारी खरी होती. तिने त्या संध्याकाळचे काहीच सांगितले नाही.

एका धावेची किंमत

आता वहीतल्या त्या रकान्याकडे येऊ, जिथे बुकीचा आकडा लिहिलेला होता. तो एकच आकडा नसतो, जोडी असते. समजा बुकीने ‘४७-४८’ सांगितले. ‘येस’ म्हणणारा जिंकतो ४८ किंवा अधिक धावा झाल्या तर. ‘नो’ म्हणणारा जिंकतो ४६ किंवा कमी झाल्या तर. बरोबर ४७ झाल्या तर? दोघेही हरतात. जिंकणाऱ्याला लावले तेवढेच वर मिळतात. बुकीचे पोट या मधल्या एका धावेवर भरते.

आपल्या मडक्यात बरोबर ४७ येण्याची संभाव्यता सुमारे ३.८ टक्के आहे. तेवढी वजा केली की ‘येस’ला आणि ‘नो’ला प्रत्येकी सुमारे ४८.१ टक्के उरतात. म्हणजे दर ५०० रुपयांच्या पैजेमागे सरासरी १९ रुपये जातात. मटक्यात एका आकड्यावर रुपयाला नऊ रुपये मिळत आणि आकडे मात्र दहा असत, म्हणजे रुपयामागे दहा पैसे जात. त्यामानाने ‘सेशन’चा बुकी दयाळूच म्हणायचा! पण मटका दिवसातून ठरावीक वेळा निघे. ‘सेशन’ एका सामन्यात अनेक असतात.

हा १९ रुपयांचा तोटा डोळ्यांना दिसत नाही, आणि खरी मेख इथे आहे. आय.पी.एल.च्या एका मोसमात ७४ सामने, म्हणजे १४८ डाव. प्रत्येक डावावर ५०० रुपये लावणाऱ्याचे सरासरी सुमारे २,८०० रुपये जातील. पण योगायोगाने होणारी वरखाली किती? ५०० गुणिले १४८ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६,१००. वरखाली तोट्याच्या दुप्पट मोठी आहे. त्यामुळे, डोळे मिटून पैसे लावणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे बत्तीस जण मोसमाअखेर फायद्यात असतात. ते बत्तीस जण टपरीवर बोलतात, अडुसष्ट गप्प बसतात. गावातला जो हुशार मुलगा ऐकतो, तो बत्तिसांचे ऐकतो. असेच दहा मोसम चालले तर शंभरातले जेमतेम सात फायद्यात उरतील. पण दहा वर्षांचा हिशेब टपरीवर कोणी ठेवत नाही.

“पण सर, मी डोळे मिटून लावत नाही,” असे तो मुलगा म्हणेल. कबूल. त्याला काही ज्यादा समजते असे धरू. त्याच्या अभ्यासामुळे बुकीच्या अंदाजापेक्षा त्याचा अंदाज एका धावेने अधिक अचूक आहे, असे मानू. एक धाव ही इथे थोडी गोष्ट नाही. बुकीलाही सलामीचे फलंदाज ठाऊक असतात, नाणेफेक ठाऊक असते, मैदान ठाऊक असते, आणि त्याचा आकडा हजारो लोकांच्या पैशाच्या ओढाताणीतून स्थिरावलेला असतो. झहीरसारखा गोलंदाज समोर असल्याने तीन-चार धावा कमी होणार असतील तर आकडा आधीच तीन-चारने उतरलेला असतो. जे सर्वांना ठाऊक आहे त्याचे बाजारात मोल नाही. त्यातूनही एक धाव जास्त कळली, तर त्यातली अर्धी धाव बुकीच्या मधल्या फटीत जाते. उरलेल्या अर्ध्या धावेने जिंकण्याची संभाव्यता सुमारे ५१.९ टक्के होते.

हे ५१.९ खरेच आहे की नुसता भास, हे किती डावांनंतर कळेल? प्रमाणातील चूक डावांच्या संख्येच्या वर्गमूळाने कमी होत जाते. ५० आणि ५१.९ यांतील फरक समाधानकारकपणे ओळखायला सुमारे २,८०० डाव लागतात. एका मोसमात १४८ प्रमाणे एकोणीस मोसम. आय.पी.एल. २००८ मध्ये सुरू झाली, २०२५ पर्यंत तिचे अठरा मोसम झाले. मुलाकडे ३१ डाव होते.

बेसबॉलमध्ये परिस्थिती बरी आहे काय? तिथल्या प्रमुख स्पर्धेत ३० संघ प्रत्येकी १६२ सामने खेळतात, म्हणजे एका मोसमात २,४३० सामने आणि दोन्ही संघ धरून ४,८६० पहिले डाव. आपल्याला जी माहिती जमवायला तेहेतीस वर्षे लागतील ती तिथे एका वर्षात जमते. परंतु ती सर्वांकडे जमते, आकडा ठरवणाऱ्याकडे सगळ्यांत आधी. नोंदी जितक्या विपुल, तितका बाजाराचा आकडा अचूक आणि शहाण्याला उरणारी फट अरुंद.

बुकीपेक्षा खरोखर जास्त ठाऊक असणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे चेंडू टाकणारा. म्हणूनच लहान तुकड्यांवरच्या पैजांमागोमाग खेळातला भ्रष्टाचार येतो. सबंध सामना हरायचा तर अनेक खेळाडू फोडावे लागतात, एका षटकासाठी एक पुरतो. १ ऑक्टोबर १९१९ रोजी बेसबॉलच्या ‘वर्ल्ड सीरिज’च्या पहिल्या सामन्यात शिकागोच्या एडी सिकॉट या गोलंदाजाने समोरच्या संघाच्या पहिल्याच फलंदाजाला चेंडूने मारले. संघ विकला गेल्याची ती सट्टेबाजांना दिलेली खूण होती, असे पुढे उघड झाले. २०१० मध्ये लॉर्ड्स कसोटीत ठरवून टाकलेल्या नोबॉलबद्दल तीन पाकिस्तानी खेळाडूंना पुढच्या वर्षी लंडनच्या न्यायालयाने शिक्षा केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत दोन बेसबॉल गोलंदाजांवर एकेका चेंडूवरच्या पैजांसंबंधी आरोपपत्र दाखल झाले, आणि तिथल्या संघटनेने अशा पैजांवर २०० डॉलरांची मर्यादा आणली. आपल्याकडे जुगारबंदीचा मुंबई इलाख्यातला कायदा १८८७ पासून आहे, आणि २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तरीही मित्राचा मोबाइल कोणाच्याही हाती सहज येतो. म्हणून वर्गात कायद्याबरोबर गणितही सांगावे, असे आम्हांला वाटते.

खोडलेले नियम

इतके सगळे झाले, तरी त्या शिक्षकांचा प्रश्न राहिलाच होता. योगायोग मोठा असतो हे मान्य, पण ३१ पैकी २० हा आकडा तर समोर आहे! नाणे ३१ वेळा उडवून २० किंवा अधिक वेळा छापा पडण्याची संभाव्यता किती? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी द्विपदी गुणांक वापरून हे स्वतः काढावे. उत्तर येते ७.५ टक्के, म्हणजे तेरांत एकदा. ही विरळी गोष्ट आहे, अशक्य नाही. एवढ्यावरून मुलाला वेड्यात काढता येत नाही.

चूक वहीच्या मागच्या पानांवर होती. तिथे मुलाने आधी करून पाहिलेले नियम लिहून खोडले होते. नाणेफेक जिंकणाऱ्या संघाला ‘येस’. डावखुरा सलामीवीर असेल तर ‘येस’. आदल्या सामन्यात हरलेला संघ असेल तर ‘नो’. दुपारचा सामना असेल तर ‘नो’. असे चौदा नियम त्याने त्याच ३१ डावांना लावून पाहिले होते, आणि १४, १६, १३, १७ असे आकडे आल्यावर ते खोडले होते. पंधरावा नियम २० वर पोचला, तो लाल शाईने पुढच्या पानावर गेला.

आता हिशेब असा. एक नियम निव्वळ नशिबाने २० वर पोचण्याची संभाव्यता ७.५ टक्के. न पोचण्याची ९२.५ टक्के. पंधराही नियम न पोचण्याची ०.९२५ चा पंधरावा घात, म्हणजे सुमारे ०.३१. तेव्हा पंधरांपैकी निदान एक तरी नियम नुसत्या नशिबाने २० वर पोचण्याची संभाव्यता जवळजवळ ६९ टक्के. नियम एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात ती काहीशी कमी असेल. तरी पंधरा नियम तपासल्यावर त्यांत एखादा असा ‘चांगला’ सापडणे हे नवलाचे मुळीच नाही. मुलगा ज्याला शोध म्हणत होता, ती सोडत होती. तिकिटे पंधरा त्यानेच काढली, आणि लागलेले एक तिकीट तेवढे समोर ठेवले. यात लबाडी नव्हती. खोडलेले कोणी मोजायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

खरे सांगायचे तर ही चूक फक्त बारावीच्या मुलाची नाही. प्रयोगशाळेत पंधरा आलेख काढून त्यांतला ऐटदार दिसणारा एक छापायला पाठवण्याचा मोह आम्हांलाही झालेला आहे. खोडलेल्या पानांची वही आम्ही सगळेच कपाटात ठेवतो. त्यावर उपाय एकच आहे. नियम आधी लिहायचा, तारीख टाकायची, वही दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, आणि मग नव्या डावांवर तो तपासायचा. ज्या ३१ डावांनी नियम सुचवला त्यांनाच साक्षीला उभे करायचे नाही.

हे सारे आम्ही त्या शिक्षकांना पत्राने कळवले आणि त्या मुलाशी एक करार करावा असे सुचवले. नियम एका कागदावर लिहून लिफाफा बंद करायचा. पुढचे ४० डाव वहीत टिपायचे. तोवर एक रुपयाही लावायचा नाही. ४० पैकी २६ किंवा अधिक बरोबर आले तर आम्ही स्वतः संगमनेरला येऊन त्या नियमावर त्याच्याबरोबर बसू, असेही कळवले. नियम निरुपयोगी असला तरी असे घडण्याची संभाव्यता सुमारे ४ टक्के होती, तेव्हा आम्ही थोडा धोका पत्करलाच होता.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर शिक्षकांचे उत्तर आले. मुलाने लिफाफा त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवला होता आणि चाळीसही डाव टिपले होते. त्यांत १८ बरोबर, २२ चूक. पत्रासोबत वहीच्या शेवटच्या पानाची नक्कल होती. चाळिसाव्या ओळीखाली मुलाने पेन्सिलीने लिहिले होते : ‘४० पैकी १८. उलटा नियम घेतला असता तर २२?’ आणि मग ती ओळ खोडून बाजूला लिहिले होते, ‘नियम क्र. १६’.